तत्त्वज्ञानाचें श्रवण

आमच्या एका वाचक भगिनींनीं विचारिलें आहे कीं, त्यांचे सासरे दृष्टि मंदावल्यामुळें आतां वाचूं शकत नाहींत. परंतु ज्या कान्टचें नांव त्यांनीं कॉलेजांत नुसतें ऐकलें होतें तो एकदां नीट समजून घ्यावा, अशी त्यांची फार इच्छा आहे. तर इंटरनेटवर मिळणाऱ्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांवरून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास खरोखर शिकतां येतो काय, कीं तो वेळ घालविण्याचा एक सभ्य प्रकार आहे? सुनेनें सासऱ्यांसाठीं असा प्रश्न विचारावा हें आम्हांस आवडलें, म्हणून या महिन्याचें सगळें पान त्यालाच देत आहों.

कानानें शिकणें हा कांहीं हलका मार्ग नव्हे. आपल्याकडे मननाच्या आधीं श्रवण सांगितलें आहे. तिकडेहि फारसें निराळें नाहीं. ॲरिस्टॉटलचे जे ग्रंथ आज मिळतात ते बहुतांशीं त्याच्या पाठशाळेंतील व्याख्यानांचीं टिपणें होत, असें विद्वान् मानतात. हेगेल १८३१ मध्यें वारल्यावर त्याचीं तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरील व्याख्यानें मिशेले नांवाच्या शिष्यानें वह्यांवरून जुळवून १८३३ ते १८३६ या काळांत छापिलीं. बर्ट्रांड रसेलचा १९४५ चा प्रसिद्ध इतिहासहि मुळांत अमेरिकेंतील बार्न्स फाउंडेशनमध्यें दिलेल्या व्याख्यानांतूनच वाढला.

आतां काय ऐकावें तें सांगतों. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील व्हीटन कॉलेजांत आर्थर होम्स हे १९५१ पासून १९९४ पर्यंत शिकवीत होते. त्यांचीं ८१ व्याख्यानें यूट्यूबवर आहेत. ग्रीकांपासून विसाव्या शतकापर्यंत. वर्गांतलेंच शिक्षण असल्यामुळें त्यांत नाटकीपणा नाहीं, घाई नाहीं. कॉलेज ख्रिस्ती आणि होम्सहि श्रद्धाळू ख्रिस्ती, हें ऐकणारानें ध्यानांत ठेवावें. पण त्याच कारणानें ऑगस्टिन आणि ॲक्वायनस यांना येथें जो न्याय मिळतो तो रसेलपाशीं मिळत नाहीं. रसेलचा कल अगदीं उलट दिशेचा. दोघांनाहि शेजारीं बसवून ऐकावें, हें बरें.

दुसरी माला पीटर ॲडमसन यांची. ती २०१० मध्यें लंडनच्या किंग्ज कॉलेजांत सुरू झाली आणि अद्यापि चालू आहे. भाग बहुधा वीस-पंचवीस मिनिटांचे. मधला एकहि दुवा गाळावयाचा नाहीं, अशी त्यांची प्रतिज्ञा. ही प्रतिज्ञा आम्हांस मोलाची वाटते. ॲरिस्टॉटल ख्रिस्तपूर्व ३२२ मध्यें वारला, देकार्त १५९६ मध्यें जन्मला. मधलीं एकोणीसशें वर्षें पुष्कळ पाठ्यपुस्तकें एका पानांत उरकतात. ॲडमसन तेथें थांबून इब्न सीना, इब्न रुश्द यांची ओळख करून देतात. इब्न रुश्दला ॲक्वायनस केवळ 'भाष्यकार' म्हणून ओळखी. नांव घेण्याचीहि गरज त्याला भासत नसे! २०१५ पासून याच मालेंत जोनार्डन गनेरी यांच्या साहाय्यानें भारतीय दर्शनांवरहि भाग झाले आहेत. आपल्या घरांतील वडील मंडळींना तेथें चूक काढण्याचा आनंदहि मिळेल.

तिसरें नांव ब्रायन मॅगी यांचें. बीबीसीनें १९८७ मध्यें त्यांचे पंधरा संवाद दाखविले. त्यांत प्रत्येक तत्त्ववेत्त्यासाठीं एकेक जाणता पंडित समोर बसविला आहे. शॉपेनहॉवरवर बोलावयास जेसुइट पाद्री कॉपल्स्टन आले आहेत, हाच एक मौजेचा योग.

परंतु ध्वनिमुद्रणाचा एक दोष प्लेटोनें फार पूर्वींच ओळखला आहे. 'फीड्रस' या संवादांत सॉक्रेटिस म्हणतो तें असें: लिहिलेल्या शब्दांना प्रश्न विचारा, ते पुनः पुनः तेंच एक उत्तर देतील. बोलणें जिवंत, लेखन मुकें, असा तेथें भेद आहे. आणि हीं व्याख्यानें म्हणजे बोलण्याचा वेष घेतलेलें लेखनच. आवाज आश्वासक असला म्हणजे आपणांस कळलें, असें उगाच वाटूं लागतें. मान डोलते आणि प्रमेय निसटून जातें.

उदाहरणार्थ, 'आयडिया' हा शब्द घ्या. तो प्लेटोच्या व्याख्यानांत येतो, लॉकच्याहि येतो, आणि आपला कान दोन्ही ठिकाणीं 'कल्पना' असाच अर्थ करतो. प्लेटोचें तें तत्त्व तर कोणाच्याहि मनांत नसतें. मनें नसलीं तरी तें असतेंच. लॉकची आयडिया मनांतच असते, तिला बाहेर घरच नाहीं. 'सब्स्टन्स'चेंहि तसेंच. ॲरिस्टॉटलला हा अमुक मनुष्य, हा अमुक घोडा अशीं अनेक द्रव्यें दिसतात. स्पिनोझाला सबंध विश्वांत एकच. हा भेद ज्यानें टिपला नाहीं त्याचीं पन्नास व्याख्यानें ऐकूनहि व्यर्थ. म्हणून एक वही करावी, प्रत्येक शब्दाला एक पान द्यावें, आणि नवा तत्त्वज्ञ आला कीं त्या पानावर त्याचा अर्थ लिहावा. सासऱ्यांनीं सांगावें, सुनेनें लिहावें. व्याख्यान मध्येंच थांबवून 'हें पटतें कां?' असें विचारणारें माणूस घरांत आहे, ही सोय सॉक्रेटिसच्या अथेन्सबाहेर थोड्यांनाच लाभते.

आणखी एक. २०१७ मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठानें वीस हजारांहून अधिक ध्वनिचित्रमुद्रणें लोकांपासून काढून घेतलीं. बधिरांना वाचतां येतील अशीं अक्षरें त्यांत नव्हतीं, ही तक्रार रास्तच होती. पण उपाय असा झाला कीं बहिऱ्यांना तर मिळालें नाहींच, ऐकणारांचेंहि गेलें. जें आज ऐकावयास मिळतें तें उद्यां मिळेलच असें धरून चालूं नये.

प्रारंभ ॲडमसनच्या थेलीसवरील पहिल्या भागानें करावा, इंग्रजी भरभर वाटल्यास गति कमी करावी, आणि कान्टपर्यंत आल्यावर होम्सकडे वळावें. मराठींतून आधार हवा तर ग. ना. जोशी यांचा तीन खंडांचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास आहे. त्यांतील त्या त्या तत्त्वज्ञाचें प्रकरण सूनबाईंनीं रात्रीं मोठ्यानें वाचावें. घरांत 'गीतारहस्य' असेलच; टिळकांनीं कान्ट आणि ग्रीन यांना कोठें जवळ केलें आणि मिल्ल-स्पेन्सरांना कोठें दूर सारलें, तीं पानेंहि त्याच बैठकींत काढावीं.