निम्म्या मापाचे पार्थेनॉन

अथेन्सला पार्थेनॉनसमोर फोटो काढणारी आपली मंडळी कोलकात्यात आली की काली आणि रसगुल्ला उरकून परत जातात. स्ट्रँड रोडवरच्या जुन्या टांकसाळीची दर्शनी बाजू त्याच मंदिरावरून, निम्म्या मापात बांधलेली आहे, हे त्यांना कोण सांगणार? मेजर फोर्ब्सच्या आराखड्याची ही टांकसाळ १८२९मध्ये सुरू झाली. १९५२मध्ये काम अलीपूरला गेले आणि इथे पडझड होत गेली.

'गोऱ्यांची नक्कल, तिचे काय कौतुक!' असे म्हणणारे भेटतात. पण १८३५पासून देशभर एकच रुपया चालू लागला, त्यातले कितीतरी इथेच पाडले गेले. पणजोबांच्या कनवटीचा तो रुपया नक्कल नव्हता. राबणारे हातही इथलेच. सरकारने आधी डागडुजी करावी, मग तिकीट लावून फाटक उघडावे. आम्ही रांगेत उभे राहू.