फेकीचा चाकू : दिसतो तसा नसतो



गेल्या महिन्यात आमच्या चाळीत एका घरी पार्सल आले. एकोणीस वर्षांच्या मुलाने मोबाईलवरून मागवलेले. उघडले तर आत सहा चाकू. काळेकुट्ट, पात्याला दाते, मुठीवर नक्षी आणि रंगीत दोरी. वडील धसकलेच. ते कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. आयुष्य कष्टात आणि सरळ मार्गाने गेलेले. "हे घरात कशाला? उद्या दारात पोलीस आला तर काय सांगू?" मुलाचे उत्तर, "बाबा, हा खेळ आहे. परदेशात याच्या स्पर्धा होतात." दोघांचा अबोला झाला आणि मध्यस्थीला मला बोलावणे आले.

दोघांचे ऐकून घेतले. नंतर चौकशी केली, माहिती मिळवली. तेव्हा कळले की दोघांचेही म्हणणे खरे होते. चूक झाली होती ती तिसऱ्याच ठिकाणी. मुलाने आणलेले चाकू त्या खेळाचे नव्हतेच! दोन दिवसांत एकाचे टोक मोडले होते, दुसऱ्याची मूठ खिळखिळी झाली होती आणि तिसरा फळीवर आपटून उलटा येऊन पायाजवळ पडला होता. म्हणून आज या विषयावर लिहितो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा हट्ट आज ना उद्या होणार आहे.

चाकूफेक आपल्या लोकांना ठाऊक आहे ती सर्कशीतली. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली, तेव्हापासून मराठी माणसाला तंबूतल्या कसरतींची ओढ आहे. फळीला टेकून बाई उभी आणि तिच्या आजूबाजूला खट्‌खट् रुतणारे चाकू, हा खेळ आपल्या वयाच्या अनेकांनी श्वास रोखून पाहिला असेल. पण तो वर्षानुवर्षे सराव केलेल्या माणसाचा धंदा. त्याची नक्कल कोणी कधीच करायची नाही. युरोप-अमेरिकेत जो खेळ आहे, त्यात माणूस नसतो. लाकडाच्या गोल ओंडक्यावर वर्तुळे आखलेली असतात आणि ठरलेल्या अंतरावरून चाकू फेकून गुण मिळवायचे असतात. नेमबाजीसारखाच हा शांत डोक्याचा खेळ आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. नवशिक्याने चाकू निवडायचा कसा?

पहिली गोष्ट, धार नको. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. भाजीचा चाकू कापतो, फेकीचा चाकू रुततो. रुतायला लागते ते टोक. पात्याच्या दोन्ही कडा बोथटच हव्यात, कारण अनेकदा चाकू पात्याकडून धरून फेकावा लागतो. धार असेल तर पहिली जखम आपल्याच बोटांना होते. टोकही सुईसारखे बारीक नको. बारीक टोक वाकते किंवा तुटते.

दुसरी गोष्ट, लांबी आणि वजन. मुलाचे चाकू वीतभर लांब आणि हातात घेतल्यावर खेळण्यासारखे हलके होते. आखूड, हलका चाकू हवेत भराभर गरगरतो. नवशिक्याच्या हाताला त्याचा अंदाज येत नाही आणि तो लाकडावर आपटून परत येतो. लांब, जड चाकू संथ फिरतो आणि हाताची थोडी चूक पोटात घालतो. मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी आठवा. चाकू साधारण तेवढा, म्हणजे दहा ते बारा इंच असावा. वजन पाव किलोच्या आसपास. पाते चार-पाच मिलीमीटर जाड असावे.

तिसरी गोष्ट, चाकू एकाच पट्टीचा हवा. टोकापासून मुठीपर्यंत एक अखंड पोलाद. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ, रिबिटा, दोरी, दाते, भोके, नक्षी यातले काहीही नको. प्रत्येक आपटण्याबरोबर हे जोड ढिले होतात. शिवाय हातातून सुटताना बोट अडकले की नेम गेलाच. दुकानात जो चाकू सर्वांत साधा आणि नीरस दिसतो, बहुधा तोच कामाचा असतो.

चौथी गोष्ट, पोलाद. याबाबतीत त्या फिटर वडिलांनीच आम्हाला शहाणे केले. मोडलेला चाकू हातात घेऊन ते म्हणाले, "फार कडक पोलाद काचेसारखे तडकते, फार नरम असेल तर वाकते. याला ट्रकच्या कमानपाट्याच्या जातीचे पोलाद पाहिजे. लवेल आणि परत सरळ होईल." त्यांनी ओळखण्याची खूणही सांगितली. कानस घासून बघावी. ती नुसतीच घसरत असेल तर चाकू फार कडक आहे. थोडी धरली पाहिजे. त्याचा पुढेही उपयोग होतो. चाकूवर चाकू आपटला की कडेला बारीक कुसे निघतात आणि ते हात कापतात. रोज खेळ संपला की कानशीने ते घासून काढावे लागतात. बोलता बोलता बाप-लेकाचा अबोला कधी संपला, ते दोघांनाही कळले नाही.

पाचवी गोष्ट, तोल. चाकू आडवा धरून एका बोटावर ठेवा. मधोमध तोलला गेला तर तो मुठीकडून किंवा पात्याकडून, कसाही धरून फेकता येतो. नवशिक्याला हाच बरा.

सहावी गोष्ट, चाकू किमान तीन घ्यावेत आणि तिन्ही तंतोतंत सारखे. एकच असेल तर निम्मा वेळ तो आणण्यात जातो. वेगवेगळे असतील तर हाताला सवयच लागत नाही. त्या मुलाने सहा चाकवांचे पैसे घालवले आणि हाती भंगार उरले. तेवढ्याच पैशात तीन साधे, चांगले चाकू मिळतात का, हे आधी बघायला हवे होते.

चाकवाइतकेच महत्त्व लाकडाला आहे. प्लायवूड किंवा सागाची फळी नको. चाकू त्यावरून उसळतो. सावर किंवा पांगाऱ्यासारख्या मऊ झाडाच्या पडलेल्या खोडाची जाड चकती घ्यावी. कापलेला, वर्षावलयांचा भाग समोर असावा, म्हणजे तंतूंच्या मधून टोक आत शिरते. चकतीवर अधूनमधून पाणी मारावे. जिवंत झाडावर मात्र चाकू फेकू नये.

उभे राहायचे अंतर असे. मूठ धरून फेकल्यास चाकू हवेत एक पूर्ण फेरा घेतो, त्याला साधारण तीन मीटर लागतात. पाते धरून फेकल्यास अर्धा फेरा, त्याला दोन मीटर. चाकू रुतताना मूठ वर राहिली तर फेरा जास्त झाला असे समजावे आणि थोडे पुढे सरकावे. मूठ खाली राहिली तर थोडे मागे. जोर लावू नये. सगळे पाहणारे फेकणाऱ्याच्या पाठीमागे, चार पावले दूर उभे असावेत. लाकडाच्या बाजूला आणि पलीकडे कोणीही नको. चाकू उलटून येतो, म्हणून पायात चप्पल नको, बूट हवेत. डोळ्यांवर चष्मा असावा. चाळीचा बोळ, गच्ची, बागेचा कोपरा या जागा या खेळाच्या नव्हेत.

आता वडिलांच्या भीतीविषयी. ती अनाठायी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून गणले जातात. घरकाम, शेती वगैरेंसाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. फेकीचा चाकू स्वयंपाकाचा आहे असे सांगता येणार नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या भागात अशा शस्त्राला परवाना लागतो. शिवाय फेकीच्या चाकूला वेगळी मूठ नसते. मग पाते कुठे संपले, हे मोजणारा ठरवणार! म्हणून मुठीचा भाग स्पष्ट वेगळा दिसेल आणि पाते नऊ इंचांच्या बरेच आत राहील, असाच चाकू घ्यावा. तसेच महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण, मिरवणुका, निवडणुका अशा काळात चाकू बाळगून फिरण्यास मनाई करता येते. अशा दिवशी पोराच्या पिशवीत चाकू सापडला, तर "हा खेळाचा आहे" हे कोण ऐकून घेणार? बंगल्यातल्या मुलाचे कदाचित ऐकतील. वस्तीतल्या मुलाचे ऐकतीलच असे नाही. एक गुन्हा नोंदला गेला की नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो.

म्हणून माझे सांगणे असे. मागवण्याआधी पोलीस ठाण्यात किंवा ओळखीच्या वकिलाकडे विचारून घ्यावे. चाकू पिशवीत घेऊन हिंडू नये. ते सरावाच्या जागीच, कुलूपबंद पेटीत ठेवावेत. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत. त्याला फेकण्याची हौस असेल तर मैदानावर भालाफेक शिकवावी. पानिपतजवळच्या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या नीरज चोप्राने त्याच भाल्याने २०२१ साली टोकियोत सुवर्णपदक जिंकले.

चाळीतल्या त्या घरी आता तीन साधे चाकू आहेत. गावाकडच्या शेतात मेव्हण्याने पांगाऱ्याची चकती उभी करून दिली आहे आणि पेटीची किल्ली वडिलांकडे असते. महिन्यातून एखाद्या रविवारी दोघे जातात. परवा वडील भेटले तेव्हा हळूच म्हणाले, "दहातले चार त्याचे लागतात, पाच माझे."

हट्ट दिसला की लगेच 'नाही' म्हणू नका, लगेच 'हो'ही म्हणू नका. आधी शेजारी बसून वस्तू हातात घ्या, नीट पारखा.