नंबर खरा, परवानगी खोटी

फसलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न ठरलेला विचारतो : ‘पैसे देण्याआधी नीट बघितलं नव्हतं का?’ डोंबिवली परिसरातल्या त्या ६५ इमारतींत घर घेतलेल्या कुणाला तरी हे विचारून बघा. त्यांनी बघितलं होतं. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर होता आणि तो नंबर अस्सल होता. करारनाम्यावर स्टॅम्प ड्युटी भरली, सब-रजिस्ट्रारसमोर फोटो निघाला, अंगठा उमटला. बँकेनं कर्जही दिलं, असं अनेक जण सांगतात. खोटा होता तो एकच कागद : कल्याण-डोंबिवली महापालिकेची बांधकाम परवानगी. बाकीचे सगळे कागद त्याच्याच जोरावर उभे होते.

वास्तुविशारद संदीप पाटील यांनी माहिती अधिकारात कागदपत्रं काढली आणि प्रकरण उच्च न्यायालयात नेलं. बिल्डरांनी महापालिकेच्या बनावट सह्या-शिक्क्यांच्या परवानग्या तयार करून महारेराला सादर केल्या होत्या. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले, ठाणे पोलिसांचं विशेष तपास पथक बसलं, ईडीही आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं या बेकायदा इमारती तीन महिन्यांत पाडायचा आदेश दिला. तोवर घरांत संसार मांडले गेले होते.

न्यायालय कठोर वागलं म्हणावं, तर ४ एप्रिल २०१३ आठवतो. त्या दिवशी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली. परवानगी नसलेल्या इमारतीत कुणी काय वापरलं, किती मजले चढवले, हे तपासणारं कुणी नसतं. स्वस्तात मिळतंय म्हणून डोळेझाक करणारेही आपल्याकडे कमी नाहीत. पण या ६५ इमारतींतला प्रश्न वेगळा आहे. सावध राहा म्हणून ज्याला आपण बजावतो, त्यानं सावधपणा दाखवूनही तो बुडाला.

कसा, ते कायद्यातच दिसतं. २०१६ चा रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. बिल्डरनं कागद स्वतः अपलोड करायचे, ते खरे असल्याचं शपथपत्र द्यायचं आणि प्राधिकरणानं ३० दिवसांत निर्णय घ्यायचा. मुदतीत निर्णय झाला नाही तर नोंदणी झाली असं मानायचं. प्रकल्प सरकारी टेबलावर अडकू नयेत हा हेतू चांगलाच होता. पण ‘ही परवानगी तुम्हीच दिली ना?’ हा प्रश्न वांद्र्याच्या महारेरानं कल्याणच्या नगररचना विभागाला विचारायचा, अशी घडी कुणी बसवली नव्हती. तिकीट प्रवाशानंच छापायचं आणि टीसीनं ते हातात आहे एवढंच बघायचं, असा हा कारभार. परवानगी देणाऱ्या संस्थांनी तिची प्रत थेट ई-मेलनं पाठवावी, ही व्यवस्था महारेरानं २०२३ मध्ये केली. गुन्हे त्याच्या आदल्या वर्षी दाखल झाले होते.

याच सरकारचं वैधमापन खातं किराणा दुकानातल्या काट्यावर शिक्का मारतं. त्याआधी निरीक्षक प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतो; दुकानदाराच्या शपथपत्रावर भागवत नाही. दोन किलो साखरेला जी पडताळणी मिळते, ती आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घराला मिळू नये?

घर बांधून देणं ही ‘सेवा’च आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्येच सांगितलंय. त्यामुळे बिल्डरला ग्राहक आयोगात खेचता येतं. पण आयोगाचा निकाल हाती पडेस्तोवर बिल्डर सापडला पाहिजे आणि त्याच्याकडे पैसे उरले पाहिजेत. म्हणून टिटवाळ्यापासून दिव्यापर्यंत कुठेही घर बघत असाल, तर महारेराच्या नंबरावर थांबू नका. परवानगीवरचा जावक क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका : ‘ही परवानगी आपण दिली आहे काय?’ उत्तराची मुदत तीस दिवस. ‘उद्या भाव वाढेल, आज टोकन टाका’ म्हणणाऱ्या एजंटाला तेवढं थांबवा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही त्याला ऐकवा.

मात्र हा अर्ज लोकल पकडायची घाई असलेल्या माणसानं का करायचा? महारेरानं बिल्डरकडून नोंदणीची फी घेतली, सरकारनं खरेदीदाराकडून स्टॅम्प ड्युटी घेतली. पैसे घेताना कुणाला परवानगीची शंका आली नाही. ती आली पाडायची वेळ आल्यावर. न तपासलेल्या कागदावर सरकारी नोंदणी मिळाली असेल, तर ज्यांनी ती दिली त्यांनीच घर गमावणाऱ्याला भरपाई द्यावी आणि ती मागाहून बिल्डरकडून वसूल करावी. असा नियम एकदा होऊ द्या. मग वांद्र्याहून कल्याणला विचारणा जायला एक दिवसही लागणार नाही.