आता तू काय करतेस?

न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन आपल्यापैकी अनेकींनी टीव्हीवर पाहिलेलं असेल. २०१४ मध्ये पंतप्रधान मोदींचं भाषण झालं होतं, तेच. एरवी तिथे बास्केटबॉलचे सामने, कुस्त्या, नाहीतर बड्या गायकांचे जलसे. २४ जानेवारी २०२५ च्या रात्री मात्र तिथे सात माणसं एका टेबलाशी बसली होती. फासे टाकत होती आणि गोष्ट सांगत होती. ना नाच, ना गाण्याचा ताफा. तरी सगळी तिकिटं संपलेली! हजारो प्रौढ, नोकरीधंद्याची माणसं फासा पडायची वाट बघत श्वास रोखून बसली होती.

हा कार्यक्रम म्हणजे ‘डायमेन्शन ट्वेंटी’. ‘ड्रॉपआउट’ नावाची एक अमेरिकन सेवा आहे, नेटफ्लिक्ससारखी, पैसे भरून मोबाइलवर बघायची. तिच्यावर तो सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाला. आमच्या घरात तो शिरला भाचीमुळे. ती कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. कानात बोंडं घालून पोळ्या लाटते आणि मध्येच एकटीच खुदकन हसते. सासूबाईंनी दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “पोरीला काय झालंय ते बघ जरा.” म्हणून मी बघायला बसले.

खेळ असा आहे. एकजण सूत्रधार असतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्याचं बळ, बुद्धी, चपळाई कागदावर आकड्यांत मांडतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो. पूल तुटलाय, अंधार पडलाय, मागून कुणाची तरी पावलं वाजताहेत. मग एकेकाकडे वळून तो विचारतो, ‘आता तू काय करतेस?’ ज्याने-त्याने आपलं पात्र काय करील ते सांगायचं. जमेल की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. वीस पडले तर फत्ते, एक पडला तर फजिती. कार्यक्रमाच्या नावातले वीस ते हेच. मूळ खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत काढलेला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतली मुलं तळघरात बसून खेळतात, तोच.

थोडक्यात, मोठ्या माणसांची भातुकली. फक्त इथे खोटाखोटा भात शिजवण्याऐवजी खोटेखोटे राक्षस मारायचे.

आता खेळायची गोष्ट बघायची कशी झाली? आवाज देणाऱ्या कलाकारांचा, म्हणजे कार्टून आणि व्हिडिओ गेमसाठी बोलणाऱ्यांचा, मॅथ्यू मर्सर यांच्याभोवती जमलेला एक कंपू आपापसात हा खेळ खेळायचा. २०१५ मध्ये त्यांनी तो ‘क्रिटिकल रोल’ नावाने लोकांसमोर थेट दाखवायला सुरुवात केली. एकेक बैठक तीन-चार तासांची. लोक बघत राहिले. २०१९ मध्ये आपल्या गोष्टीचं कार्टून काढायचं म्हणून त्यांनी प्रेक्षकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले, तर जमले एक कोटी तेरा लाखांहून जास्त! ते कार्टून २०२२ पासून प्राइम व्हिडिओवर आलं.

‘डायमेन्शन ट्वेंटी’ची वाट जास्त खडतर होती. जानेवारी २०२० मध्ये ड्रॉपआउटच्या मालक कंपनीने पैसा काढून घेतला. शंभराहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. तिथेच काम करणाऱ्या सॅम राइक यांनी बुडती कंपनी हातात घेतली. (त्यांचे वडील रॉबर्ट राइक हे क्लिंटन यांच्या काळातले कामगारमंत्री.) पाठोपाठ करोना आला. पण टेबल, खुर्च्या, फासे आणि बोलणारी माणसं एवढ्यावर भागणारा कार्यक्रम अशा दिवसांतही चालू राहू शकतो. काही भाग तर कलाकारांनी आपापल्या घरात बसूनच केले. पुढे बरे दिवस आल्यावर, २०२३ च्या नफ्यातला वाटा कंपनीने कलाकारांना आणि कामगारांनाही दिला. मंत्र्याच्या मुलाने वडिलांकडून एवढं घेतलं म्हणायचं!

हे झालं पैशाचं गणित. पण लोक दोन-दोन तास एवढं काय बघतात? सूत्रधार ब्रेनन ली मलिगन अफाट बोलतो, दहा माणसांचे दहा आवाज काढतो (त्याची आई एलेन ली कॉमिक्स लिहिते, गोष्टीचं बाळकडू घरचंच). रिक पेरी यांनी बनवलेल्या चिमुकल्या बाहुल्या आणि देखावे तर बघत राहावेत असे. पण माझ्या मते खरं कारण त्या एका प्रश्नात आहे. ‘आता तू काय करतेस?’ असं विचारून सूत्रधार थांबतो. उत्तर येईपर्यंत थांबतो. उत्तर वेडगळ असलं तरी ‘हे काय भलतंच’ म्हणत नाही, त्या उत्तरावर पुढची गोष्ट रचतो. आणि एकीचं बोलणं चालू असताना बाकीचे पाच जण ऐकत असतात. मैत्रिणींनो, पाच माणसं एका टेबलाशी बसलीत आणि एकीचं बोलणं ऐकताहेत, हे दृश्य तुम्ही आपल्या घरात शेवटचं कधी पाहिलंत? आपल्या मालिकांमधल्या नायिकेला तरी कोण विचारतं? कारस्थान सासूचं, निर्णय नवऱ्याचा, आणि हिच्या वाट्याला तीन वेळा वळणारा कॅमेरा.

पहिलं पर्व ‘फँटसी हाय’. शाळकरी मुलांची गोष्ट. त्यात शिव्हॉन थॉम्पसन ही अभिनेत्री अडेन नावाची मुलगी झालीय. श्रीमंत, थंड आईबाप, सगळं कौतुक मोठ्या बहिणीचं, आणि ही सदा धास्तावलेली. मध्येच छाती धडधडते, श्वास लागतो. शाळेत एक समुपदेशक असतो, तोही अर्धा लांडगा! तो तिला समजावतो की हा तुझा स्वभावदोष नाही, यावर औषध असतं. हसत-खेळत चाललेल्या गोष्टीत हे असं अलगद येतं. आमच्या भाचीने तो भाग तीनदा पाहिला. का, ते मी विचारलं नाही. पण चौथ्यांदा मी तिच्याबरोबर बसले.

आणखी एक पर्व ‘अ क्राउन ऑफ कँडी’, २०२० चं. आपल्यासारख्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्यांना हे फार आवडेल. मिठायांचं एक राज्य, भाज्यांचं एक, फळांचं, पावाचं, मांसाचं, दुधादह्याच्या बेटांचं एकेक. त्यांचा देव कोण, तर बल्ब! बहुधा फ्रिज उघडला की लागतो तो. ऐकायला पोरखेळ, पण आत सत्तेचं घाणेरडं राजकारण. मिठाईच्या राजाला दोन जुळ्या मुली, जेट आणि रूबी. त्यातली जेट मध्यावरच मारली जाते. कुणा लेखकाने ठरवून नव्हे, लढाईत फासे तसे पडले म्हणून. रूबी झालेली शिव्हॉन टेबलाशीच बसलीय आणि तिची जुळी बहीण गेलीय. जेट झालेली एमिली अ‍ॅक्सफर्ड पुढे दुसरं पात्र घेऊन परत येते, राजाचीच थोरली, कुणाला माहीत नसलेली मुलगी म्हणून. पात्र संपलं तरी खेळणारीला टेबलावरची जागा असते. आपल्याकडे बाईचं एक पात्र संपलं, कुंकू पुसलं गेलं किंवा मुलं पांगली, की तिची खुर्चीच उचलतात.

आता आयांच्या धास्तीविषयी. मुलगा खोली बंद करून राक्षस, भुतं, मंत्र असलं काहीतरी ऐकतोय, ही काळजी काही आजची नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात या खेळावरून केवढं काहूर माजलं होतं! मुलं सैतानाच्या नादी लागतात, असं चर्चमध्ये, टीव्हीवर सांगितलं जायचं. व्हर्जिनिया राज्यातल्या पॅट्रिशिया पुलिंग यांचा मुलगा १९८२ मध्ये आत्महत्या करून गेला. त्यांनी दोष या खेळाला दिला आणि १९८३ मध्ये त्याच्याविरुद्ध संघटना काढली. खेळाचा आणि आत्महत्यांचा असा संबंध पुढे सिद्ध झाला नाही. त्या बाईंना हसणारे पुष्कळ आहेत, मला हसू येत नाही. लेकरू गेलेल्या आईला कारण हवं असतं आणि हाताशी सापडेल त्यावर ती बोट ठेवते. पण बोट खेळावर ठेवलं की मुलाचं मन न बघितलेलंच राहतं. समुपदेशनाच्या कामात मी हे पुन्हा पुन्हा पाहते. आधी सिनेमा होता, मग मोबाइल, आता असलं काही. दारावर थाप मारून ‘बंद कर ते’ म्हणणं सोपं. ‘मला दाखव, काय आहे’ म्हणून शेजारी बसायला वेळ लागतो.

हे खेळणाऱ्यांमध्ये आणखी एक पद्धत आहे, तिने मला फार विचारात पाडलं. टेबलावर एक कार्ड ठेवतात, त्यावर फुली. गोष्ट नकोशा वळणावर गेली, कुणाच्या जुन्या जखमेला धक्का लागला, की त्याने त्या कार्डाला नुसता हात लावायचा. गोष्ट तिथे वळवतात. का, कशाला, एवढं काय झालं, असं कुणी विचारायचं नाही. आमच्या केंद्रात येणाऱ्या बाईला ‘नको’ म्हणायचं तर केवढे पुरावे द्यावे लागतात! नवऱ्याने मारलं तर वळ दाखव, सासरी जायचं नाही तर कारण सांग, ते कारण पुरेसं मोठं आहे हे पटवून दे. आणि ‘मग तुमचं काय म्हणणं आहे?’ असं विचारलं, तर दहातल्या आठजणी आधी बरोबर आलेल्या भावाकडे बघतात. ‘घरचे म्हणतील तसं.’ मुद्दाम नव्हे. त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि तिला उत्तर देण्याची सवय नाही.

या कार्यक्रमाची आरती ओवाळायचा माझा बेत नाही. शिव्या भरपूर आहेत, लहान मुलांसमोर लावू नये. विनोद पुष्कळदा इतके अमेरिकन की भाचीने समजावल्याशिवाय कळत नाहीत, आणि समजावलेल्या विनोदाला काय चव! सगळं इंग्रजीत, तेही भरधाव. त्या मॅडिसन स्क्वेअरच्या कार्यक्रमाची तिकिटं मागणी वाढेल तशी महाग होत गेली, तेव्हा चाहतेच चिडले, आणि बरोबर चिडले. चार मित्रांच्या टेबलावरचा खेळ बघायला महिन्याच्या किराण्याएवढे पैसे मोजायचे म्हणजे कठीणच. आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे, खेळतात ते, आपण नुसतं बघतो. तेही आवडीने बघावं, पहिलं पर्व यूट्यूबवर फुकट आहे. पण बघण्यावर थांबू नये, असं मला वाटतं.

भातुकली सुटली की बाईचा खेळ सुटतो. मंगळागौरीला, भोंडल्याला खेळायची मुभा असते, कारण तिथे देवाचं नाव असतं. नुसतं खेळायचं म्हणून चार बायका दुपारी बसल्या तर ‘कामधंदे नाहीत का’ हे ठरलेलं. पुरुष पत्ते घेऊन पारावर बसतात, त्यांना कोणी विचारत नाही.

म्हणून आमच्या मंडळातल्या चौघींना मी गेल्या गुरुवारी बसवलं. वीस बाजूंचा फासा कुठून आणणार, ल्यूडोचा घेतला. राक्षस नको म्हणाल्या, म्हणून प्रसंग आपल्यातलाच. शेवटची एसटी चुकलीय, रात्रीचे अकरा, स्टँडवर तुम्ही चौघी, आणि बाकावर सहा-सात वर्षांची एक मुलगी एकटीच रडत बसलीय. मी विचारलं, “ताई, आता तुम्ही काय करता?” त्या पन्नाशीच्या, घरात शब्द न काढणाऱ्या. म्हणाल्या, “ह्यांना फोन करते.” मी म्हटलं, “गोष्टीत हे नाहीत.” बराच वेळ शांतता. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग त्या म्हणाल्या, “मग मी आधी चहा घेते.”

हसून हसून पुरेवाट झाली. चहा घेऊन त्या मुलीचा हात धरून कंट्रोलरच्या खोलीत गेल्या. फासा टाकला, एक पडला. मी म्हटलं, कंट्रोलर खेकसला, ‘बाहेर व्हा.’ ताईंनी खरोखरच्या टेबलावर हाताची मूठ अशी आपटली की फासा खाली जाऊन कपाटाखाली गेला. तो काढेपर्यंत साडेपाच झाले, दुधाची वेळ झाली, सगळ्या उठल्या. मुलगी कुणाची, ते अजून कळायचंय. येत्या गुरुवारी दुपारी तीनला पुन्हा बसायचं ठरलंय, आणि दूध आणायला ताईंनी मुलाला सांगून ठेवलंय.