कुंभकोणमचे सत्तांतर कोणत्या साली झाले?

तंजावरच्या मराठी समाजाविषयी लिहिताना अभ्यासक सहसा १८५५ सालापाशी थांबतात. त्या वर्षी दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने संस्थान खालसा केले. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी खाजगी मालमत्तेसाठी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा जिंकला, तो निकाल १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने फिरवला.

ही हकिकत वाड्याची झाली. चाळीसेक किलोमीटरवरच्या कुंभकोणमचे राज्य दोन पिढ्या आधीच बदलले होते.

कंपनीशी झालेल्या १७९९ च्या तहाने तेव्हाचे राजे सरफोजी यांच्याकडे तंजावरचा किल्ला आणि लगतचा परिसर एवढेच उरले. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तेव्हा कुंभकोणमचा वसूल कंपनीच्या कलेक्टरकडे जात होता. तिथल्या शिकलेल्या मराठी घराण्यांनी नवे धनी शोधले. अशाच एका घराण्यातले टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. माधवराव मद्रासला इंग्रजी शिकले आणि १८४९ मध्ये, म्हणजे तंजावर खालसा होण्याच्या सहा वर्षे आधी, त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशी तीन दिवाणपदे त्यांनी भूषवली.

म्हणून १८५५ ही सगळ्या समाजाच्या पडझडीची तारीख मानणे चूक आहे. लेखणी आणि इंग्रजी हाती असलेले आधीच सावरले होते. खरा घाव बसला तो वाड्याच्या पगारावर जगणाऱ्यांना. माधवरावांची चरित्रे वाचायला मिळतात. किल्ल्यातल्या शिपायांचा आणि चाकरांचा माग मोडी लिपीतल्या दफ्तरी रुमालांतच काढावा लागतो.

१९५६ मध्ये राज्ये भाषेवर बेतली गेली, तेव्हा तंजावर भागातल्या मराठीभाषकांना आणखी एका बदलाला सामोरे जावे लागले. सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते. पण गावोगाव विखुरलेल्या घरांतून एक वर्ग भरण्याइतकी मुले जमणे अवघड असते. तिथली तमिळ वळणाची मराठी प्रामुख्याने घरात बोलूनच टिकली.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत, तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काहींचे तमिळ भाषांतर छापले आहे. महाराष्ट्रातील मोडी वाचकांनी आता तमिळ जाणणाऱ्या सहकाऱ्यांसोबत बसून हे कागद चेन्नईच्या अभिलेखागारातील महसुली नोंदींशी ताडून पाहावेत. कुंभकोणमच्या वडीलधाऱ्यांचे बोलणेही त्यांच्याच मराठीत, प्रमाणभाषेचा संस्कार न करता, ध्वनिमुद्रित व्हायला हवे. हे काम याच पिढीत झाले पाहिजे.