‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरणारं मूल. टूथपेस्टचा फेस तोंडात आला की उमासे येणारा कॉलेजातला मुलगा. मोरीतल्या भांड्यांमधल्या ओल्या खरकट्याला बोट लागलं की पुढचा तासभर कशातच लक्ष लागत नाही अशी नोकरी करणारी तरुणी. या तिघांबद्दल आपल्या घरांत एकच निवाडा ऐकू येतो : लाडावलेत, दामटून करायला लावा, सवय होईल. स्वमग्नता, एडीएचडी किंवा मेंदूच्या घडणीतलं असंच काही वेगळेपण असलेल्या माणसांना हा निवाडा सकाळी दात घासण्यापासून रात्री अंथरुणात शिरेपर्यंत ऐकावा लागतो. तो चुकीचा आहे, आणि रोज कुणाच्या तरी अंगावर लादला जातो, म्हणून त्याचं खंडन नीट करायला हवं.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. आवाज, वास, स्पर्श सगळ्यांनाच कधी ना कधी नकोसे होतात. गर्दीच्या लोकलमध्ये पहिल्यांदा चढलेला माणूस गुदमरतो आणि काही महिन्यांनी त्याच गर्दीत उभ्याउभ्या डुलक्या घेतो. शरीर जुळवून घेतं. मूल आज टाळायला शिकलं तर उद्या त्याचं जग आक्रसत जाईल. जग त्याच्यासाठी थांबणार नाही आणि आईवडील जन्माला पुरणार नाहीत. तेव्हा वेळीच सवय लावणं हीच खरी माया. या म्हणण्यात दुष्टावा नाही, काळजी आहे. आईवडील जन्माला पुरत नाहीत, हे तर निखळ सत्य आहे.

चूक आहे ती ‘शरीर जुळवून घेतं’ या गृहीतकात. लोकलची सवय होते, कारण तोच तो आवाज आणि तोच तो धक्का पुन्हापुन्हा आला की बहुतेकांचा मेंदू त्याला द्यायचा प्रतिसाद कमी करत नेतो. हे काम सगळ्यांचे मेंदू सारखंच करत नाहीत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शुलामाईट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना रहदारीचा आवाज ऐकवला आणि त्वचेला खरखरीत लोकरीचा स्पर्श दिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं की ज्या मुलांना संवेदनांचा त्रास जास्त होतो, त्यांच्या मेंदूत संवेदना टिपणारे भाग आणि धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला जास्त पेटतात. शिवाय तोच अनुभव पुन्हापुन्हा दिला तरी तो प्रतिसाद इतरांसारखा ओसरत नाही. सगळ्या स्वमग्न मुलांचं असं होत नाही, पण ज्यांचं होतं त्यांच्यापाशी ‘दहा वेळा केलंस की अकराव्या वेळी काही वाटणार नाही’ हे आश्वासन फोल ठरतं. अकराव्या वेळीही पहिल्याइतकंच दुखतं, आणि दहा वेळांचा शीण वर साचलेला असतो.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हाही एक आक्षेप. होतं. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची वैद्यकीय ओळख करून दिली, तेव्हाच त्या मुलांना व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेटायचं यंत्र अशा आवाज करणाऱ्या, हलणाऱ्या वस्तूंची दहशत वाटते, हे नोंदवून ठेवलं होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेने मात्र संवेदनांची तीव्रता किंवा बधिरता हा स्वमग्नतेचा निकष म्हणून स्वीकारला तो थेट २०१३ साली. सत्तर वर्षं जी गोष्ट कागदावर असून निदानाबाहेर राहिली, तिला आपल्या आजोबांच्या घरात नाव नसणं साहजिक आहे. त्या घरातही कुणी तिरसट होता, कुणी एककल्ली होता, कुणाला पंगतीत बसवत नव्हतं. त्यांना काय सोसावं लागत होतं, हे कुणी विचारलं नाही.

आणि सवय झाली असं आपण ज्याला म्हणतो ते बहुतेकदा काय असतं? मूल रडायचं थांबतं. ते थांबतं, कारण रडून उपयोग होत नाही हे त्याला कळलेलं असतं. शाळेच्या घट्ट कॉलरमध्ये, पंख्याच्या घरघरीत आणि मधल्या सुट्टीच्या कल्लोळात ते सहा तास स्वतःला आवळून धरतं आणि घराच्या दारात पाऊल टाकताच फुटतं. शिक्षक म्हणतात, शाळेत तर किती शांत असतो! मग दोष आईच्या माथी. हा प्रकार मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, कारण जिथे मुलाला सुरक्षित वाटतं तेच ठिकाण गुन्हेगार ठरवलं जातं.

आता दुसऱ्या बाजूलाही थोडं. झोके, ब्रशने अंग चोळणं, वजनदार पांघरुणं यांनी मूल ‘बरं’ करून देतो असं सांगणारे सल्लागार वाढले आहेत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी १९७०च्या दशकात संवेदनांच्या एकात्मीकरणाचा विचार मांडला आणि त्यातून कामाचं पुष्कळ निघालं. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली या उपचारांचा पुरावा अपुरा आहे असं पालकांना स्पष्ट सांगावं, असा सल्ला दिला. वजनदार पांघरुणांची इंग्लंडमध्ये चाचणी झाली. २०१४ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांत स्वमग्न मुलांची झोप त्यांनी वाढली नाही, मुलांना आणि पालकांना ती आवडली मात्र. आवडतं म्हणून जरूर वापरावं, पण रोगमुक्तीच्या भावाने विकत घेऊ नये. थेरपिस्ट चांगला असेल तर तो मुलाच्या घरची मोरी, डबा आणि गणवेश यांबद्दल आधी विचारतो.

माझं म्हणणं असं आहे : काम वेगळं आणि त्या कामातला जाच वेगळा. दात स्वच्छ होणं हे काम. पुदिन्याचा झणका सोसणं हा त्या कामाचा भाग नाही. जाच काढून टाकला आणि काम झालं, तर त्या माणसाने काहीही चुकवलेलं नाही.

दात घासण्याचंच घ्या. नेमका त्रास कशाचा हे आधी शोधावं लागतं. चव, फेस, ब्रशची खरखर की चूळ भरताना हनुवटीवरून ओघळणारं पाणी? प्रत्येकाचं उत्तर निराळं असतं. फेस येतो तो बहुधा सोडियम लॉरिल सल्फेटमुळे. ते नसलेल्या पेस्ट मिळतात, बिनचवीच्याही मिळतात. लहान मुलांचा मऊ ब्रश मोठ्या माणसाने वापरायला काहीच हरकत नाही. पाणी ओघळण्याचा त्रास असेल तर आंघोळ करतानाच दात घासावेत, तिथे अंग ओलंच असतं. यातलं काही न शोधता डोकं धरून ब्रश कोंबला, तर मूल संधी मिळताच दात घासणं सोडतं. मग कीड लागते आणि दवाखान्यातली खुर्ची येते : डोळ्यांवर दिवा, कानाशी ड्रिल, तोंडात रबरी हातमोज्यांचा वास. म्हणजे ‘सवय लावण्याच्या’ हट्टातून सगळ्यांत मोठा छळ पदरात पडतो.

आंघोळीबाबत आपल्या जुन्या रीतीत शहाणपण आहे. शॉवरचे थेंब अनेकांना टोचतात, कारण ते कुठे आणि कधी पडतील यावर ताबा नसतो. बादली-तांब्यात तो ताबा पूर्णपणे आपल्या हाती असतो. याउलट नरकचतुर्दशीच्या पहाटे चरबरीत उटणं कुणी दुसऱ्याने चोळणं असह्य होऊ शकतं. तिथे तेल लावावं, तेही दाबून, कारण हलक्या, निसटत्या स्पर्शापेक्षा ठाम दाब बहुतेकांना सोपा जातो. केस कापतानाही तेच : मशिनऐवजी कात्री, सकाळी दुकान उघडताच, घरचा जुना मऊ पंचा मानेभोवती आणि लगेच घरी येऊन आंघोळ. नखं आंघोळीनंतर मऊ असताना कापावीत. मोजे उलटे घातले की शिवण बोटांना लागत नाही.

कुकरने पूर्ण वाफ धरली की गॅस अगदी बारीक केला तर शिट्ट्या कमी होतात. मिक्सरखाली घडी घातलेला जाड टॉवेल ठेवला की आवाज थोडा दबतो. आणि ‘मिक्सर लावतेय हं’ एवढं आधी सांगितलं तर अचानक बसणारा धक्का टळतो. कानांवर लावायचे हेडफोन उपयोगी आहेत, पण दिवसभर कान झाकले तर साधे आवाजही मोठे वाटू लागतात, असा इशारा ऑडिओलॉजिस्ट देतात. म्हणून हळूहळू ओळख करून घेण्याला माझा विरोध नाही. मिक्सरचं बटण मुलाच्या हातात द्यावं, त्याला हवं तेव्हा क्षणभर फिरवू द्यावं आणि त्याने ‘बास’ म्हटलं की तिथेच थांबावं. जबरदस्तीत आणि यात फरक इतकाच की थांबवण्याची सत्ता ज्याचे कान दुखतात त्याच्याकडे आहे. तो फरक फार मोठा आहे.

राहिला ‘जग बदलणार नाही’ हा मुद्दा. जग बदलतं, बदलायला लावावं लागतं. ब्रिटनमध्ये नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीच्या पुढाकाराने २०१७ पासून दुकानं ठरावीक तासापुरते दिवे मंद आणि संगीत बंद ठेवू लागली. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा स्वमग्नतेला मान्यता देतो, वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानतो आणि मान्यताप्राप्त शाळांवर ती सोय देण्याची जबाबदारी टाकतो. त्याच रंगाचा सुती गणवेश शिवून घेण्याची परवानगी मागणं हे उपकार मागणं नाही. एडीएचडीचं नाव त्या कायद्याच्या यादीत स्वतंत्रपणे नाही, ही त्रुटी आहे, पण गणवेशाचं लेबल कापायला प्रमाणपत्र लागत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे ती कुठे उरते, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

सर्वांत जास्त सोसावं लागतं ते मोठ्या झालेल्या मुलींना. खरकट्याला हात घालवत नाही म्हणणारी सून शिष्ट ठरते. पुरुषाला भांडी नको वाटली तर त्याला कारणसुद्धा विचारलं जात नाही. तिला मात्र आपली किळस खरी आहे हे वर्षानुवर्षं सिद्ध करावं लागतं आणि रबरी हातमोजे घातले तर ‘थेर’ हा शब्द ऐकावा लागतो. हातमोजे फार महाग नसतात. मोरीपाशी खिळ्याला अडकवावेत आणि खुशाल वापरावेत. ज्यांना हातमोज्यांचाही स्पर्श सोसत नाही त्यांनी लांब दांड्याचा ब्रश घ्यावा, किंवा कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं, हिशेब आपल्याकडे घ्यावेत आणि भांडी नवऱ्याने घासावीत.