चिंच आधी की डाळ आधी?

मागच्या महिन्यात आमच्या घरी दालचा बिघडला. तोही पाहुणे येऊन बसलेले असताना, पातेलं भरून बिघडला. तुम्ही म्हणाल, स्वयंपाक सगळ्यांचाच कधी ना कधी बिघडतो, त्यात लिहिण्यासारखं काय? आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण त्या दिवशी डाळीपेक्षा मोठी एक चूक आमच्या लक्षात आली, म्हणून सांगतो आहोत.

आमचं मूळ घर सोलापूरचं. आमच्या लहानपणी शादीच्या दावतीत दालचा-खाना असायचा आणि घरी जुम्म्याच्या दुपारीही तोच. हरभऱ्याची डाळ, हाडाचं मटण, दुधीच्या फोडी, चिंचेचा आंबटपणा आणि सोबत मोकळा पांढरा भात. या भातालाच आमच्याकडे 'खाना' म्हणतात. बिर्याणीचं कौतुक सगळीकडे होतं, पण परगावाहून थकून आल्यावर पहिल्या दिवशी आम्हाला दालचाच हवा असायचा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास अब्बांचा इंतकाल झाला. अम्मींनी इद्दतचे 4 महिने 10 दिवस सोलापूरच्या घरातच काढले. मग आम्ही त्यांना पुण्याला आमच्याकडे आणलं. आता त्यांना कसलंही काम करू द्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. खिडकीजवळचा पलंग त्यांना दिला, औषधांचा डबा हाताशी ठेवला. त्या ओट्याकडे आल्या की आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्या हातातली सुरी काढून घ्यायचं. "अम्मी, खूप केलंत आयुष्यभर. आता आराम करा." नातेवाईक आमचं कौतुक करायचे आणि आम्हालाही ते बरं वाटायचं.

अम्मींचं जेवण मात्र कमी कमी होत गेलं. दोन चपात्यांची एक झाली, एकीची अर्धी. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. काय खावंसं वाटतं असं विचारलं की उत्तर एकच, "कुछ भी चलेगा." मग एका संध्याकाळी त्या सोलापूरला खालाशी फोनवर बोलत होत्या. "दालचा खाके कित्ते दिन हो गए," एवढंच आमच्या कानावर पडलं. आम्ही त्याच रात्री ठरवलं, रविवारी दालचा करायचा आणि अम्मींना आधी काही सांगायचं नाही. आपा आणि तिच्या मुलांनाही बोलावलं.

आधी सांगायचं नाही म्हटल्यावर कृती विचारणार कशी? आम्हाला वाटलं, शेकडो वेळा खाल्लेला पदार्थ आहे, जमेल. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. एकात तूरडाळ होती, दुसऱ्यात हरभऱ्याची. आम्ही दोन्ही घेतल्या. हरभऱ्याची डाळ डब्याच्या तळाशी वर्षभरापासून पडून होती, तीच धुऊन घेतली. भिजत घालायचं राहून गेलं. मग बिस्मिल्लाह म्हणून मोठ्या कुकरमध्ये मटण, दोन्ही डाळी, दुधी, आलं-लसूण, हळद, तिखट आणि चिंचेचा कोळ सगळं एकदमच घातलं आणि झाकण लावलं. वेळ वाचला म्हणून आम्ही खूश होतो.

पाच शिट्ट्या झाल्या, डाळ कच्ची. आणखी पाच झाल्या, तरी कच्ची. पंधराव्या शिट्टीनंतर झाकण उघडलं तेव्हा दुधी विरघळून नाहीसा झाला होता, मटण चिवट होतं आणि हरभऱ्याची डाळ बोटांत धरली तर दाणा तसाच टणक. आपाची मुलं ताटं घेऊन बसली होती. बाहेरून काही मागवावं का, असं आम्ही आपसात कुजबुजत होतो, तोच अम्मी दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या शिट्ट्या ऐकल्यावर त्यांना आतल्या खोलीत राहवलं नाही.

त्यांनी पळीभर रस तळहातावर घेऊन चाखला.

"खट्टा कब डाले?"

"सुरुवातीलाच."

"इत्ता पढ़े-लिखे लोगां! दाल गलने के पहले खट्टा डालते क्या?"

एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि आम्हाला कामाला लावलं. मटणाचे तुकडे वेचून वेगळ्या पातेल्यात गरम पाण्यावर शिजायला ठेवले. डाळीतलं आंबट पाणी एका भांड्यात काढून घेतलं, टाकू दिलं नाही. उरलेल्या डाळीत पिण्याचं गाळलेलं पाणी उकळून ओतलं, चिमूटभर खायचा सोडा घातला आणि कुकर पुन्हा लावला. नळाचं पाणी घेऊ दिलं नाही, कारण आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं. "इस पानी में साबुन को फेस नहीं आता, दाल क्या गलेगी?" असं त्या म्हणाल्या. दोन महिन्यांत आमच्या घरातलं पाणी त्यांना कळलं होतं. इतकी वर्षं इथे राहून आम्हाला कळलं नव्हतं.

दुधी संपला होता, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे विचारलं. त्यांनी अर्धा दुधी दिला आणि काय बिघडलं ते ऐकून त्याही हसल्या. "अहो, आमटीतसुद्धा चिंच-गूळ डाळ शिजल्यावरच घालायचा असतो!" म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आम्ही दोघं सोडून.

पावणेतीन वाजता जेवायला बसलो. खरं सांगायचं तर दालचा पूर्ण सुधारला नव्हता. डाळ दाताखाली थोडी लागत होती. तरी बघार बसल्यावर जो वास सुटला, तो सोलापूरचाच होता. आपाच्या धाकट्याने दुधीच्या फोडी ताटाच्या कडेला सारल्या, तेव्हा अम्मींनी त्याला एका शिंप्याच्या दावतीची गोष्ट सांगितली. त्या शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावलं होतं. जवाची रोटी आणि दुधी घातलेला मटणाचा रस्सा होता. प्रेषित (स.) भांड्यातून दुधीचे तुकडे शोधून शोधून खात होते. सोबत असलेल्या हजरत अनस (रजि.) यांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून त्यांनाही दुधी आवडू लागला. धाकट्याने एक फोड खाल्ली. अम्मींनी दोनदा भात घेतला.

संध्याकाळी आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि माफी मागितली. तुम्हाला आराम द्यायचा होता आणि उलट त्रास झाला, असं म्हणालो. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मैं बीमार हूँ क्या? बैठ-बैठके थक गई मैं. वो गए, और पीछे से तुम लोगां चूल्हा भी ले लिए."

आम्हाला काही बोलता आलं नाही. अब्बांना आणि आम्हा सगळ्यांना त्यांनी आयुष्यभर रांधून वाढलं. अब्बा गेल्यावर निदान घरात काही करण्यासारखं उरलं असतं, ते आम्ही प्रेमाने त्यांच्या हातातून काढून घेतलं. सुरी काढून घेताना त्यांच्या चेहऱ्याकडे आम्ही एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

आता जुम्म्याचा स्वयंपाक अम्मींचा असतो. ओट्याजवळ त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. जड भांडं आम्ही उचलतो, कांदा आम्ही चिरतो, बाकी हुकूम त्यांचा. सगळं सुरळीत झालं असंही नाही. त्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलं आहे आणि मिठावरून आमचे वाद होतात. एखाद्या शुक्रवारी त्या दमतात आणि उठत नाहीत, तेव्हा आम्ही आग्रह करत नाही. पण जेवताना "कुछ भी चलेगा" हे शब्द हल्ली ऐकू येत नाहीत.

डाळ का शिजली नाही, याचं कारण आम्ही नंतर वाचलं. डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा घटक शिजताना सैल व्हावा लागतो. आंबट पाण्यात तो लवकर सैल होत नाही. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे तो आणखी घट्ट होतो आणि जुनी डाळ मुळातच कडक झालेली असते. आम्ही तिन्ही चुका एकाच कुकरमध्ये केल्या होत्या. सोड्याचा परिणाम उलटा होतो, म्हणून डाळ निदान वाचली. पण सोडा चिमटीपेक्षा जास्त पडला तर साबणासारखी चव येते, हे लक्षात ठेवा.

अम्मींची कृती त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांची मूठ वाटीत रिकामी करवून घेऊन लिहिली आहे. पाच-सहा जणांसाठी एक वाटी हरभऱ्याची डाळ आणि अर्धी वाटी तूरडाळ तासभर भिजवावी. हळद घालून गाळलेल्या पाण्यात मऊ शिजवावी आणि अर्धवट घोटावी. अर्धा किलो हाडाचं मटण कांदा, आलं-लसूण, तिखट, धणे आणि थोड्या गरम मसाल्यावर परतून वेगळं शिजवावं. मटण मऊ झालं की पाव किलो दुधीच्या मोठ्या फोडी घालाव्यात. फोडी शिजत आल्या की डाळ मिसळावी. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी घालावा, दहा मिनिटं मंद आचेवर उकळू द्यावं आणि वरून जिरं, लसूण, सुकी मिरची, कढीपत्त्याचा बघार द्यावा. कोथिंबीर-पुदिना आवडीप्रमाणे.

तुमच्या घरी कुणी वडीलधारं असेल तर या महिन्यात त्यांच्याकडून एक पदार्थ शिकून घ्या. मात्र फोनवर कृती विचारून थांबू नका. त्यांना ओट्याजवळ खुर्ची द्या, पळी त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही कांदा चिरायला घ्या.